सदतीस दात्यांचं चाक

३ जुलै

त्रेपन्न. हो, पूर्ण झाली. नाही, कुणाला सोडायला आलेली नाही, मीच आहे ती. मेकॅनिकल. शिवणाचं नाही हो, मेकॅनिकलच.

तंत्रनिकेतनाच्या प्रवेशखिडकीतल्या कारकुनाला दिलेली उत्तरं तेवढी लिहिली. त्याचे प्रश्न लिहिण्यासारखे नव्हते. शेवटी त्याने फॉर्मवर बोट ठेवलं.

"इथे पालकाची सही लागते."

"पालक वर गेले, दोघंही."

"मग नवऱ्याची."

"तेही तिकडेच आहेत. फॉर्म पाठवून बघा, तिघं मिळून करतील."

तो हसला नाही. पालकाशिवाय प्रवेश नाही म्हणाला. शेवटी लेकीला फोन केला. ती दातांची डॉक्टर. हातमोजे खिशात कोंबून, कुणाची तरी दाढ अर्धी सोडून आली आणि माझी पालक झाली. नात्याच्या रकान्यात तिने 'मुलगी' लिहिलं. कारकुनाने तेच माझ्या ओळखपत्रावर उतरवलं. म्हणजे कागदोपत्री मी आता माझ्या लेकीची मुलगी आहे.

"आता घरी उशिरा आलीस तर बघ," ती जिन्यात म्हणाली.

कारकुनाने या वयात कशाला असंही विचारलं होतं. म्हटलं, घरात एक मशीन अडून पडलंय. म्हणाला, मग मेकॅनिक बोलवा. म्हटलं, तीन बोलावले, तिघंही डोकं खाजवून गेले. कारण खरं आहे. निदान लिहिण्यापुरतं.

११ जुलै

मशीनबद्दल लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

हे पंपाच्या कारखान्यात फिटर होते. हात सोन्याचे आणि तोंडाला कुलूप. मी सकाळी बोलायला लागले की दुपारपर्यंत एकटीच बोलत असायची. "अहो, निदान हूं तरी करा," मी म्हणायची. गावाकडे आजोबा गोष्ट सांगताना हूं म्हणणारा कुणी नसेल तर गोष्टच थांबवायचे. मी मात्र भिंतीला सांगितल्यासारखी अख्खा संसार सांगत राहिले.

शेवटची चार वर्षं हे मागच्या खोलीत मशीन करत होते. शिवणयंत्राच्या टेबलाएवढं आहे. पुढे पितळी कर्णा, मागे चामड्याचा भाता, खाली छोटी मोटर, मधल्या लाकडी पेटीत चाकांचा नुसता बाजार. कशासाठी आहे विचारलं तर "पूर्ण होऊ दे." झालं पूर्ण, आणि दुसऱ्याच दिवशी मधलं चाक हरवलं.

मग दोन महिने शोधाशोध. साखरेचा डबा पाहिला, माझ्या चपला पाहिल्या, उशीचा अभ्रा उलटा केला. मी खुर्चीत बसलेली असले की यायचे. "जरा ऊठ." मी उठायची. खाली बघायचे. "बस." शेवटचा महिना तर फक्त माझ्या खुर्चीखालीच शोधायचे. दिवसातून तीनदा. म्हटलं दुसरं चाक करा, तुम्हाला काय अवघड. तर म्हणाले, "आहे ना ते. सापडेल."

मग एक दिवस कारखान्यात उभ्याउभ्या गेले. घरी आणलं तेव्हा अंगात निळा शर्ट आणि त्याला पिवळं बटण. जन्मात पहिल्यांदा स्वतः बटण लावलं आणि तेही असलं. मला त्याही वेळी हसू आलं होतं. कुणाला सांगितलं नाही.

२ ऑगस्ट

वर्कशॉप. बॉयलर सूट माझ्या मापाचा मिळेना, म्हणून दोन सूट जोडून एक केला. त्याला सहा खिसे आलेत. वर्गातल्या निम्म्या पेन्सिली माझ्याकडे असतात.

विभागप्रमुखांना मी मोजपट्टी सर म्हणते. ते सगळं मोजतात. पहिल्या तासाला म्हणाले, "माझ्या वर्गात 'साधारण' हा शब्द चालणार नाही." मी हात वर केला. "सर, कधीच नाही की साधारणपणे नाही?" त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. साधारण दहा सेकंद.

माझ्या शेजारच्या मुलीचं नाव मी घाई ठेवलंय. प्रश्न संपायच्या आत उत्तर देते आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं. तिने मला लॉगॅरिदम शिकवलं, मी तिला बसून जेवायला शिकवतेय. माझा विषय जास्त कठीण आहे.

१४ सप्टेंबर

आज पालकसभेला लेकीला बोलावणं होतं. तक्रार अशी, की मी हजेरीला गैरहजर मुलांची 'हजर' पाच वेगवेगळ्या आवाजांत देते.

लेक बाकावर गुडघे दुमडून बसली. मी तिच्यामागे हाताची घडी घालून उभी.

"घरी पण अशीच असते का?" सरांनी विचारलं.

"घरी जास्त असते."

"वडिलांचा धाक नाही?" सर ओळखपत्राची नोंद वाचून बोलत होते.

"तिचे गेले. माझेही गेले."

सरांनी ते लिहून घेतलं. मग नोंदीकडे आणि आम्हा दोघींकडे आलटून पालटून पाहिलं आणि म्हणाले, "एकाच घरात इतकं. लक्ष असू द्या तिच्याकडे."

लेकीने परत येताना मला गाडीत बसवलं आणि स्वतःच्या हाताने दार लावून घेतलं.

६ ऑगस्ट, शेवटचं वर्ष

मधलं लिहिलं नाही. गणितात नापास झाले, एक वर्ष गेलं, एवढ्यात सगळं आलं. तीन वर्षांचा डिप्लोमा जास्तीत जास्त चार वर्षांत पुरा करायचा असा नियम आहे. हे चौथं. या वेळी राहिलं तर नाव कायमचं कमी.

बाकी सगळं सुटलंय, प्रोजेक्ट राहिला. दोघींचा गट, मी आणि घाई. मी म्हटलं, ह्यांचं मशीन चालू करू. घाई म्हणाली चालेल, आणि मग विचारलं कुठलं मशीन.

फॉर्मवर रकाना होता, 'यंत्राचा उपयोग'. मी लिहिलं, माहीत नाही. मोजपट्टी सर म्हणाले, असं लिहिता येत नाही. मग त्यावर समिती बसली. मशीन टेम्पोतून आणून मधोमध ठेवलं आणि सगळे त्याच्याभोवती फिरले. स्थापत्यचे सर म्हणाले, जमीन खचते ती मोजायचं असावं. विजेचे सर म्हणाले, धान्य निवडायचं. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, ग्रामोफोन आहे, फक्त तबकडी आत घालतात. शिपाई म्हणाला, भाता आहे म्हणजे लोहाराचं. हाच मला त्यातल्या त्यात बरा वाटला.

शेवटी ठराव झाला. 'उपयोग: प्रकल्पाअंती कळविण्यात येईल.'

सोबत एक प्रतिज्ञापत्रही होतं. 'यंत्राचा गहाळ भाग कसून शोध घेऊनही मिळालेला नाही.' घाईने न वाचता सही केली. मी म्हटलं माझं पेन चालत नाहीये. सरांनी स्वतःचं दिलं. म्हटलं, मला याची सवय नाही. दुसऱ्या दिवशी केली सही.

१९ सप्टेंबर

घाईने सगळ्या चाकांचे दाते मोजून हिशेब मांडला. मधल्या चाकाचे दाते तीसपासून पंचेचाळीसपर्यंत कितीही असू शकतात असं निघालं. सोळा चाकं करून बघायला दोन वर्षं लागतील. आपल्याकडे सहा महिने.

"सदतीस," मी म्हटलं.

"कशावरून?" सर.

"वाटलं."

"वाटलं हे एकक नाही."

"आणि त्यातले पाच दाते अर्धे घासलेले हवेत. तिसरा, अकरावा, बारावा, विसावा आणि एकतिसावा."

सर स्टुलावर बसले. मग त्यांनी दोन दांड्यांमधलं अंतर मोजलं, शेजारच्या चाकाच्या दात्याचं माप घेतलं, पाठकोऱ्या कागदावर काहीतरी गुणलं. पुन्हा मोजलं. चष्मा काढून पुसला.

"सदतीसच," ते म्हणाले. "दुसरं बसतच नाही."

पाच अर्ध्या दात्यांवर त्यांच्याकडे सूत्र नव्हतं. ते मागे ठेवलेत.

संध्याकाळपर्यंत शिक्षकांच्या खोलीत बातमी गेली. विजेचे सर जिन्यात मला वाट देऊन उभे राहिले. मला ते आवडलं नाही. मला चिडवलेलं चालतं, असलं नाही चालत.

घरी लेकीने विचारलं, "आई, तुला कसं कळलं?"

"तुला नाही का, दाढ न बघता कळत?"

"नाही. मला बघावी लागते."

मी भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती.

५ डिसेंबर

सदतीसला कशानेच भाग जात नाही. दाते सारख्या अंतरावर कापायला भोकांची एक तबकडी लागते, ती शोधण्यातच पंधरा दिवस गेले. शेवटी ती शिपायाकडे मिळाली. तो तिच्यावर चहाचं पातेलं ठेवत होता.

पहिलं चाक बिघडलं. एक वळण चुकलं आणि शेवटी अर्धाच दाता उरला. साडेछत्तीस दाते. घाई रडायला आली. मी म्हटलं, लेकीकडे नेऊ, कवळी बसवून देईल. रडता रडता हसली आणि मग दोन्ही एकदम करायला लागली.

दुसऱ्या चाकाला आम्ही कॅलेंडर लावलं. दिवसाला दोनच दाते, तेही जेवल्यानंतर. घाई मोठ्याने आकडा म्हणते, मी हँडल फिरवते, सर मागे उभे राहून श्वास घेत नाहीत.

१२ जानेवारी

चाक झालं. कानस मारून पाच दाते अर्धे केले. हातात घेतलं आणि बोटांनी फिरवलं. तेच आहे.

इथे जास्त लिहीत नाही.

२३ फेब्रुवारी

मशीन चालत नाही.

म्हणजे मोटर फिरते, पट्टा फिरतो, चाकं थरथरतात, आणि मधलं चाक जागच्या जागी तयारीत उभं राहतं. शर्यत सुरू होण्याआधी पोरं उभी असतात तसं. पुढे काही नाही.

सरांनी चाचणीचा नियम लावलाय. भिंतीवर पाटी, 'चाचणी चालू असताना पूर्ण शांतता.' सगळे तोंडावर बोट ठेवून उभे. कर्ण्यातून धान्य घातलं, धान्य परत आलं. कागद घातला, दोरा घातला, ग्रंथपाल बाईंनी एक तबकडीही आणली. स्थापत्यच्या सरांनी ते तीन तास जमिनीवर ठेवून बघितलं. जमीन खचली नाही.

पंधरा दिवसांवर परीक्षा. बाहेरचे परीक्षक लिफ्टच्या कारखान्यातून येणार आहेत. मशीन काय करतं ते दाखवता आलं नाही तर शून्य. घाई पुढच्या वर्षी परत बसू शकते. मला पुढचं वर्ष नाही.

लेक म्हणाली, "आई, नाहीच झालं तर काय होईल? घरी बस मजेत."

"घरी बसूनच कंटाळले ना. तिथे कुणी बोलत नाही."

तिला वाटलं मी तिला टोमणा मारला. नव्हता मारला. या वेळी नव्हता.

१० मार्च

आज जे झालं ते क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

परीक्षक टक्कल पडलेले, शांत, हातात कातडी बॅग. सगळ्यांचे प्रोजेक्ट बघत शेवटी आमच्याकडे आले. घाईने मोटर चालू केली. सर्वत्र पूर्ण शांतता, पाटीप्रमाणे. चाकं थरथरली आणि थांबून राहिली.

"हे काय करतं?" परीक्षकांनी विचारलं.

मोजपट्टी सर खाकरले. "प्रकल्पाअंती कळविण्यात येईल."

"प्रकल्प संपलाय."

परीक्षकांनी पेन काढलं. गुणांचा रकाना मला उलटा दिसत होता. त्यात त्यांनी गोल काढायला घेतला. अर्धा गोल झाला होता.

माझं डोकं फिरलं. मी पाटीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं, आणि त्याच्या कर्ण्यात तोंड घालून बोलायला लागले.

"चार वर्षं माझी मागची खोली अडवलीस," मी म्हटलं, "आणि पुढची चार वर्षं माझं डोकं—"

"हूं," मशीन म्हणालं.

भात्यातून आला आवाज. जाडसर, जरा झोपेतला.

घाईने माझा दंड धरला. मी म्हटलं, "हूं काय?"

"हूं."

"तुझ्यापायी मी गणितात नापास झाले."

मशीन काही बोललं नाही. अर्धा दाता आला असणार. मी पुढे म्हटलं, "ऐकतोयस का?" तर म्हणालं, "हूं."

मला खालीच बसावं लागलं. शिपायाने पाणी आणलं. मी हसत होते असं सगळे म्हणतात.

मग परीक्षक स्वतः वाकले. आपल्या गुडघेदुखीबद्दल दोन वाक्यं बोलले. मशीनने दोन्हीला हूं केलं. त्यांनी बॅगेतून स्टॉपवॉच काढलं. सदतीस वाक्यांत बत्तीस हूं, पाच वेळा गप्प. घाईने भराभर समजावलं, की आवाजाने कर्ण्यातला पडदा हलतो, खिटी सुटते, चाक एक दाता सरकतं, भाता दाबला जातो. अर्ध्या दात्याला दाबला जात नाही.

"पण ते पाच कशाला?" परीक्षकांनी विचारलं.

हे मला ठाऊक होतं. "दर वेळी हूं केलं असतं," मी म्हटलं, "तर मला संशय आला असता."

मोजपट्टी सरांनी पाटी भिंतीवरून काढली. मग ते मशीनजवळ गेले, आम्हाला जरा लांब व्हायला सांगितलं आणि आपल्या रखडलेल्या बढतीबद्दल वीस मिनिटं बोलले. मोजली मी. त्यांच्यामागे ग्रंथपाल बाई उभ्या होत्या, त्यांच्यामागे विजेचे सर, आणि मग रांग दारातून बाहेर गेली. परीक्षा अडीच तास उशिरा संपली.

फॉर्मवरचा रकाना परीक्षकांनी स्वतः भरला. 'उपयोग: हुंकार देणे.' अर्ध्या गोलाचे त्यांनी नऊ केले आणि पुढे आठ लिहिला. अठ्ठ्याण्णव.

दोन गुण का कापले ते घाईने विचारलं. म्हणाले, "आवाज जरा निरुत्साही आहे."

म्हटलं, "तो मूळचाच तसा होता."

२७ मार्च

लिफ्टच्या कारखान्यातून बोलावणं आलं. परीक्षक तिथले मोठे साहेब आहेत. टेबलामागे तिघं जण.

साहेब म्हणाले, "आमच्या लिफ्टमध्ये माणसं अडकतात. अर्धा अर्धा तास. घंटा असते, दिवा असतो, पण बोलायला कुणी नसतं. प्रत्येक लिफ्टमध्ये आम्हाला हे हवं." मग दुसऱ्यांकडे वळून म्हणाले, "आणि ज्या बाईंनी समोर नसलेल्या चाकाचे दाते नुसत्या बुद्धीने ओळखले, त्या मला दुरुस्ती विभागात हव्यात."

दुसऱ्यांनी माझं वय पाहिलं. "निवृत्ती अठ्ठावन्नला. म्हणजे तुमच्याकडे अकरा महिने आहेत."

"पुरतील."

"नोकरी पक्की व्हायला मात्र एक वर्ष लागतं."

"मग मी पक्की व्हायच्या आधीच निवृत्त होईन."

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. नियमात यावर काही नव्हतं. साहेब म्हणाले, "सहायक अभियंता. एक तारखेपासून या."

बाहेर येऊन लेकीला फोन केला. पालक म्हणून कळवलं. तिने फोनवरच कुणाला तरी "आ करा" म्हटलं आणि मग नाक ओढलं. म्हटलं, दवाखान्यात रडू नकोस, पेशंटला वाटेल दाढ वाईट आहे.

साहेबांनी निघताना माझा हात हातात घेऊन म्हटलं होतं, "अशी अंतर्दृष्टी लाखात एक." मी हात सोडवून घेतला. जरा झटक्यानेच.

३१ मार्च

उद्यापासून नोकरी. कंपनीने निळा कोट दिलाय. घालून बघितला तर वरचं बटण तुटकं. लेक म्हणाली दुकानातून आणते, म्हटलं राहू दे, घरी आहेत.

बटणांचा डबा काढला. सहा वर्षांत उघडला नव्हता. निळं एकही नाही, वर सगळी पिवळीच. बोटं खाली घातली आणि चाक लागलं. काढलं. गंज नावाला नाही, नवंकोरं. हाताला तेल लागलं. मशीनचं तेल, ह्यांच्या कपाटाला यायचा तो वास. मी तर कोरडंच टाकलं होतं. बटणांना तेल कुठून आलं कोण जाणे. मी केलेल्या चाकाशेजारी ठेवून पाहिलं. केसाचा फरक नाही. मोजपट्टी सर असते तर बसलेच असते.

कोटाला पिवळंच बटण लावलं, ह्यांच्या शर्टाला होतं तसलंच.

मग मागच्या खोलीत गेले. मशीन परत आलंय जागेवर. मोटर लावली, समोर खुर्ची घेतली आणि त्याला सगळं सांगितलं. नेमका त्याच वाक्याला अर्धा दाता आला. गप्प राहिलं. पुन्हा सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहिते.

चाक हरवलं नव्हतं. मी लपवलं होतं. सुरुवातीला ब्लाउजच्या खिशात घेऊन फिरायची, ते शोधत असताना बोटांनी दाते मोजायची. मग डब्यात टाकलं. आठवडाभर चिडवून देणारच होते. पण तीस वर्षांत जेवढे बोलले नव्हते तेवढे ते त्या दोन महिन्यांत माझ्याशी बोलले. रोज तीनदा, "जरा ऊठ", "बस". म्हणून दिलं नाही. ते गेले त्या दिवशी सकाळीही विचारलं होतं, "दिसलं का गं कुठे?" आणि मी तोंड वर करून म्हटलं, मला काय ठाऊक.